ओल्यावर ओलं

पेंटरचा एक नियम होता. रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही. बोगदे खणणाऱ्या कंपनीचे फलक त्याने पस्तीस वर्षं याच नियमाने रंगवले. आधी पत्रा घासायचा, मग अस्तर, मग पांढरा, मग खडू लावलेलं सूत ताणून रेघा, आणि त्यानंतर अक्षर. एक अक्षर रेघेखाली उतरलं तरी तो सगळा फलक पुन्हा घासायला घ्यायचा.

धाकटा भाऊ सुरुवातीला त्याच्याच हाताखाली होता. एकदा त्याने घाईत ओल्यावरच दुसरा हात मारला. रंग आकसला, सुरकुत्या पडल्या. पेंटरने चार माणसांत त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. धाकट्याने ब्रश खाली ठेवला आणि तो थेट खणकामावर जाऊन लागला. त्याला अकरा वर्षं झाली. भाऊ भाऊ बोलत होते, पण त्या दिवसाचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही.

मंगळवारी बोगद्याचं छत खाली बसलं. आत सात जण अडकले. त्यांत धाकटा.

आत हवेचा एक पाइप जात होता. बुधवारी सकाळपर्यंत त्यावर आतून ठोकल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. गेटवर घरची माणसं उभीच होती. धाकट्याच्या बायकोने तर जेवणाचा डबाही आणला होता. कुणासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही.

दुपार कलताना साहेबाने पेंटरला शेडमध्ये बोलावलं. हातात चिठ्ठी दिली. ‘सर्व कामगार सुरक्षित. नातेवाइकांनी गर्दी करू नये.’

“तासाभरात गेटवर लागला पाहिजे,” साहेब म्हणाला.

“सुरक्षित आहेत हे कुणी सांगितलं?”

“वरून आलंय.”

“आणि आतून काय आलंय?”

“पेंटर, तुम्ही अक्षरं काढा. बातम्या आम्ही बघतो.”

पेंटरने पांढरा मारून तयार ठेवलेल्या पत्र्यावर सूत ताणलं, रेघा उमटवल्या. ‘सर्व कामगार’ लिहिलं. झकास उतरलं. त्याचाच त्याला राग आला. हात एवढा सरळ चाललाच कसा? पुढच्या शब्दाचा ‘सु’ काढायला ब्रश टेकवला आणि तो तिथेच थांबला. मग त्याने काळ्याचा डबा उचलला आणि फलकावर ओतला.

पुढे सूत नाही, रेघ नाही. काळा ब्रशने पसरवला, त्यावर तांबडं अस्तर फासलं, पत्र्याच्या तुकड्याने ते मधूनमधून खरवडून काढलं. खालचा पांढरा दिसला की पुन्हा काळा. खांदा भरून आलेला, तरी हात थांबेना. दुसरा हात, तिसरा, पाचवा. एकही वाळू दिला नाही.

वॉचमन डोकावला. “काय पेंटर, डबा सांडला की काय?”

“सांडला नाही. ओतलाय. तू गेट सांभाळ.”

संध्याकाळी त्याने तो फलक स्वतः गेटवर नेऊन टांगला. धाकट्याची बायको जवळ आली.

“भाऊजी, हे काय लिहिलंय?”

“काही नाही लिहिलं. लिहिण्यासारखं कुणालाच माहीत नाही.”

तिने डबा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच ती भिंतीला टेकून बसली. साहेब आला. फलक उतरवायला त्याने दोन माणसं बोलावली. माणसं आली, पण फलकाला कुणी हात लावला नाही. साहेब इंग्रजीत काहीतरी पुटपुटत निघून गेला.

शुक्रवारी दुपारी वाट निघाली. सहा जण चालत नाहीतर स्ट्रेचरवर बाहेर आले. सातवा चादरीखाली आला. धाकटा चौथा होता. आठवड्याने साहेबाचा निरोप आला, नवा फलक हवा आहे, ‘सुरक्षा प्रथम’. पेंटरने ब्रश धुतले, शेडमधल्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली निरोप आणणाऱ्याच्याच हातात दिली.

काळा फलक त्याने घरी आणून पडवीत उभा केला होता. धाकटा काठी टेकत आला आणि फलकासमोर बसला.

“दादा, आतला अंधार असा नव्हता. बॅटरी संपत आली तेव्हा पिवळट होता.”

“आतलं मला काय माहीत? हा गेटवरचा आहे.”

धाकट्याने पत्र्यावर बोट फिरवलं. रंग जागोजाग आकसून त्याच्या घड्या पडल्या होत्या.

“ओल्यावर ओलं मारलंस.”

“हो.”

“मला थोबाडीत ठेवली होतीस यासाठी.”

“ठेवली होती.”

“मग?”

पेंटर चिंधीने हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

“वाळेपर्यंत थांबवेना रे,” तो म्हणाला.