परतफेरी

जूनचा पहिला मंगळवार, सकाळी साडेअकरा, आमच्या संशोधन केंद्राची बैठक. हजर: गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले चार कारखानदार, वीज खात्याचे एक अभियंता, महापालिकेचे एक साहेब, मोटारींच्या कॉइल गुंडाळणाऱ्या तीन बायका, दोन नवे संशोधक आणि इतिवृत्त लिहायला मी. परतफेरी नव्हती. मार्चपासून ती नसतेच, तरी हजेरी लिहिताना माझ्या हातून एक ओळ रिकामी सुटते.

आमच्या एका संशोधक मुलीला हे नाव मीच ठेवलं. बैठक संपली की बाकीचे मोकळे होत. ही दोन दिवसांनी पुन्हा निघायची, आणि ज्यांनी बैठकीत तोंड उघडलं नाही फक्त त्यांच्याकडेच जायची. मूळची इंदूरची, नुकतीच पीएचडी झालेली, आमच्याकडे एका वर्षाच्या करारावर. छतांवरची सौर वीज आणि मोबाईलवर ठरणारं कामाचं वेळापत्रक, हे बदल मालक, कामगार आणि सरकारी खाती मिळून कसे ठरवतात, हा तिचा विषय.

माझ्या इतिवृत्तातल्या एका शब्दाशी तिचं वैर होतं. "काकू, प्लीज, 'सर्वानुमते' नका ना टाकू. तिघं बोलले, अकरा जणांनी समोसे खाल्ले."

"अगं, पटलं नसतं तर म्हणाले नसते का?"

"मालकासमोर? वा, काकू!"

परतफेरीला ती वही पिशवीतून काढत नसे. लोकांच्या घरी बसून मेथी निवडायची, ऐकायची आणि मग बसथांब्यावर उभ्यानं सगळं लिहून काढायची. एकदा करोंदहून किलोभर गवार घेऊन आली. "मुलाखत कमी झाली, भाजी जास्त," म्हणाली, आणि अर्धी माझ्या टेबलावर ओतली.

त्याच करोंदला कॉइलवाली मुन्नीबाई राहते. कोणती यंत्रं कधी चालवायची ते रोज सकाळी मोबाईलवर येईल, अशी योजना होती. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. घरी मुन्नीबाई तिला म्हणाली, "दीदी, टाइम रोज बदलेगा तो बच्ची को स्कूल से कौन लाएगा?" आणखी चार घरी तेच ऐकायला मिळालं. परतफेरीने अहवालासाठी पंधरा दिवस मागितले. केंद्राचे प्रमुख सर म्हणाले, अहवाल वेळेवर गेला तरच करार वाढेल.

मला तिची काळजी लागली. मुदतीच्या दिवशी ती करोंदला गेलेली. मी तिचा कच्चा अहवाल घेतला, माझं जुनं इतिवृत्त जोडलं, त्यात 'सर्वानुमते' होतंच, आणि वीज खात्याला पाठवून दिला. माझ्या रोजच्या कामांच्या यादीत त्यापुढे बरोबरची खूणही केली.

दुसऱ्या दिवशी तिला कळलं. आवाज चढवला नाही. "माझ्यासाठी केलंत ना, काकू?"

"मग काय! नोकरी आहे तुझी."

"माहितीये. पण त्या बायकांनी हो म्हटलेलं नाही." तिथेच उभं राहून तिने अहवाल परत मागवणारं पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी खरा अहवाल गेला. वेळापत्रक आता आठवड्यातून एकदाच बदलतं, बायकांना बैठकीचं बोलावणं मालकामार्फत नाही, थेट जातं. तिचा करार वाढला नाही.

बाग सेवनियातल्या तिच्या खोलीवर मी सामान बांधायला गेले, हातात यादी: गादी, कुकर, पंखा, पुस्तकांची तीन खोकी. ती गुंडाळलेल्या गादीवर बसली आणि, कधी नव्हे ते, वही उघडली.

"काकू, आठ बैठका झाल्या. आठही वेळा तुम्ही हजर. एकदाही बोलला नाहीत. तुमचं म्हणणं घ्यायचं राहिलंय."

"माझं कसलं म्हणणं? कुकरची शिटी घेतलीस का?"

ती हसली. वरती माझं नाव लिहून बाकीचं पान तसंच ठेवलं. तेवढ्यात खाली रिक्षा आली.

आता ती गुवाहाटीला आहे, पुन्हा एका वर्षाच्या करारावर. तिथल्या चहाचे फोटो पाठवते, खाली लिहिते, "काकू, पान कोरं आहे." मी चहाचं कौतुक करते. त्या माना डोलताना मी समोरच बसले होते. बायका मालकाकडे बघत होत्या, हे मला तेव्हाच दिसलं होतं. एवढंच लिहायचं आहे, चार ओळींचं काम.

आजच्या यादीत सहा कामं होती. पाच झाली. सहावं, 'तिला उत्तर लिहिणे', मार्चपासून रोज नव्या पानावर उतरवून घेते आहे.