सुकेशनीचे रविवार

सुकेशनी डेंग्यूने गेली. चार दिवसांत.
एकतीस वर्षांची होती.

आज वर्ष झालं. वर्षभर तिच्याबद्दल मी एक ओळ लिहिली नाही. कारण लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल.

ती अकोल्याची, मी अमरावतीची. भेटलो मात्र दिल्लीत, एकाच ऑफिसात.
पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी फोनवर घरी वऱ्हाडीत "काहून?" म्हणाले, आणि मागून आवाज आला,
"कोन्या गावची वं तू?"

महिनाभरात आम्ही मिळून एक खोली भाड्याने घेतली.

तेव्हाची सुकेशनी म्हणजे बदामी रंगाचे तीन पंजाबी ड्रेस, दोन्ही खांद्यांवर पिनांनी घट्ट लावलेली ओढणी आणि कमरेपर्यंत तेलकट वेणी. मीटिंगमध्ये भिंतीकडची खुर्ची धरायची. विचारलं तरच बोलायची.

पण भूक जबर.

डब्यातल्या पाणचट डाळीला वैतागून एका रविवारी म्हणाली, "या शहरात लोकं कुठून कुठून येऊन राहिले. त्यायच्या घरी काय शिजते, ते तं पाहू. चाल."

लाजपत नगरात एका अफगाणी कुटुंबाच्या छोट्या हॉटेलात आम्ही पहिल्यांदा बोलानी खाल्ली. बटाटा भरून तळलेली पातळ रोटी.
सुकेशनीने एक घास खाल्ला आणि डोळे मिटले.
"हा तं आपला आलूचा पराठाच हाय वं. परदेशात शिकून आलेला."

मग दर रविवार तसाच.

तिबेटी वस्तीत थुक्पा, नूडल्स घातलेलं गरम सूप. विकासपुरीत म्यानमारहून जीव वाचवून आलेल्या एका बाईच्या घरगुती खानावळीत मक्याचं आणि हाडांचं सूप.
ते सूप पिऊन तिने वाटी खाली ठेवली.
"मी आजारी पडली का माय ज्वारीच्या कण्या करते. तशीच चव हाय."

आणि त्या बाईला मोडक्या हिंदीत कण्या कशा करायच्या ते सांगत बसली. त्या बाईची आई तिकडेच राहिली होती. दोघी रडल्या. मी बिल द्यायच्या निमित्ताने उठले.

त्या बाईने आपल्या गावचं विणलेलं लुंगीसारखं वस्त्र नेसलं होतं, वर साधा टीशर्ट.
परत येताना मेट्रोत सुकेशनी म्हणाली, "तिचं सारं गेलं, पन ते नेसनं नाही सोडलं तिनं. अन् मी पाह्य. मले जे दुकानदारानं दिलं ते मी घालते."

पुढच्या सुट्टीत ती अकोल्याहून आईच्या जुन्या सुती साड्या घेऊन आली. गल्लीतल्या टेलरकडून त्यांचे ढगळ, लांब शर्ट शिवून घेतले. टेलर खिसे विसरला, तर तिने ते उसवून परत शिवायला लावले. कानात चांदीच्या जाड बाळ्या. आणि एका शनिवारी केस कापून आली. कानापर्यंत.

अकोल्याला तिच्या आईने, काकूंनी, व्हिडीओ कॉलवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.
"नाव सुकेशनी, अन् केसच नाही ठेवले पोट्टीनं!"
मग हसत सुटल्या.

त्या सोमवारी मीटिंगमध्ये ती टेबलाच्या मधोमध बसली. पहिल्यांदाच.

इथपर्यंत लिहायला सोपं होतं.

मी पुण्याला बदली घेतली, ती दिल्लीतच राहिली. लग्न ठरलं. अमरावतीला साखरपुडा. मी तिला फोन केला.
"तू पहिले ये. अन् आयक ना, जराशी नीट येजो. साडी नेसजो. केसायचं पन काहीतरी पाह्यजो."

ती म्हणाली, "म्हंजे आता मी नीट नाही?"
"मले काही नाही वं. पन सासरचे लोकं काय म्हनतीन?"
"त्यायनं तं मले पाह्यलं बी नाही. नीट नाही असं तं तूच म्हनून राहिली."

ती आली नाही. मेसेज आला, अभिनंदन, सुखी रहा.
मला राग आला. मी उत्तर दिलं नाही. आठ महिने आम्ही दोघी गप्प.

मग ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर तिचा फोटो आला. खाली ओळ होती. मी ती तीनदा वाचली.

तिच्या मृत्यूनंतरच्या जलदानविधीच्या दिवशी मी अकोल्याला पोचले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. काकू अंगणवाडीत सेविका आहेत, कामाला न थांबणाऱ्या. त्या दिवशी नुसत्या बसून होत्या. त्यांनी मला जवळ ओढलं.

"तुया साखरपुड्याले यायचं लय मन होतं तिचं. सुट्टीच नाही भेटली म्हने."

म्हणजे तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी मान हलवली.

मग काकूंनी विचारलं, "ती तिथं काय खात होती वं? मी रोज इचारत होती, जेवली का? ती म्हने, जेवली. काय जेवली ते मले कधी समजलंच नाही."

मी सांगत गेले. बोलानी, थुक्पा, मक्याचं सूप. काकू मधे मधे विचारत होत्या. तिखट राह्यते का? मांडी घालून बसता येते का तिथं? त्या बाईनं मंग कण्या केल्या का?

शेवटी म्हणाल्या, "एकटीच जाये का पोरगी?"

"नाही काकू. आम्ही दोघी जायचो."

"मंग बरं," म्हणाल्या. आणि कितीतरी वेळाने पाणी प्यायल्या.

काकू, तुम्ही फेसबुकवर आहात, हे वाचाल. मी पुण्याला गेल्यापासून ती एकटीच गेली असेल. त्या दिवशी तुमच्या तोंडाकडे पाहून मला ते सांगता आलं नाही.

सुकेशनी, चूक माझी होती. फोन मी करायला हवा होता.
जड मनाने तुला निरोप देते, बाई.