हिरव्या मिठाचं खरं नाव

शेठनं साबणाची वडी माझ्या अंगावर फेकली. दुपारच्या सुट्टीत, सगळ्यायसमोर. छातीवर लागली अन् खाली पडली.

"घे. अंग घासत जा. तुमच्या वस्तीतल्या लोकायले खरूज असतेच. आजपासून आमच्या माठाले हात लावू नको."

मी वाकली. वडी उचलली. शेठची चीड येतेच, पण त्या वाकण्याची जास्त येते.

चंद्रपूरच्या बाहेर त्याची शेड होती. नळाच्या तोट्या, सायकलीचे हँडल चमकवायचे. टाकीतल्या गरम पाण्यात हिरवे खडे विरघळवायचे, वीज सोडायची, मालावर पांढरी झळाळी चढायची. त्या खड्यायले आम्ही हिरवं मीठ म्हणत होतो. मिठाले कोण भिते? उघड्या हातानं काढत होतो, त्याच पोत्यावर बसून डबा खात होतो. बोटायच्या बेचक्यात पुरळ आले, चिरा पडल्या. खाजवून खाजवून रक्त काढत होती मी.

रिकामी पोती शेठ उपकार केल्यासारखा देत होता. मी ती झटकून सावली तालुक्यातल्या आमच्या गावी नेली. मायनं त्यावर मोहफुलं वाळवली. महिन्याभरात तिच्याही हातायले तेच. अन् माय दिवसातून दोनदा आंघोळ करणारी बाई. तिथंच माझं डोकं फिरलं, हे मळानं नाई, पोत्यानं झालं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, "कामाला काय वापरता?"

"मीठ."

"कसलं मीठ? पोत्यावरचं लिहून आण."

मी दहावी नापास. इंग्रजी अक्षरं पाहून पाहून कागदावर चितारली. बाईनं वाचलं. "निकेल सल्फेट. ही खरूज नाही. हे एकदा अंगाला बाधलं की जन्मभर बाधतं. याची धूळ, टाकीची वाफ छातीत गेली तर कॅन्सरसुद्धा होऊ शकतो. हातमोजे, मास्क, वाफ ओढणारा पंखा, काहीच देत नाहीत?"

घरी येऊन ती फुलं मी खड्ड्यात पुरली. माय रडली. मी नाई रडली.

हातमोजे देत होते ना. वर्षातून एकदा सरकारी तपासणीवाले साहेब येत, त्या सकाळी मोज्यायचं कपाट उघडत होतं. साहेबाची पाठ फिरली की सुपरवायझर बादली घेऊन फिरे, अन् आम्ही मोजे काढून त्यात टाकत होतो. इतके वर्ष मीही टाकले, मुकाट.

त्या वर्षी साहेब पाहून बाहेर पडले, अन् बादली माझ्यापुढे आली.

"टाक वं."

"नाई टाकत."

शेठ आला. "माजली का? मोजे टाक, नाई तर उद्यापासून येऊ नको."

साहेबाची जीप फाटकातच होती. मी पळत गेली. त्यायच्या डोळ्यासमोर मोजे काढले, फुटलेले हात पुढे केले. "साहेब, हे मोजे फक्त तुमच्यासाठी निघतेत. आत चला, बादली पाहा."

साहेबानं हात पाहिले. शेठकडे पाहिलं. काच वर केली. जीप गेली.

माझं काम त्याच दिवशी गेलं. जाऊ दे चुलीत.

आता त्या शेडीत नवी बाई लागली की मी तिच्या घरी जाऊन बसते. हात दाखवते. पहिले त्या मिठाचं खरं नाव पाठ करून घेते, निकेल सल्फेट. मग सांगते, मोज्याबिगर पोत्याले हात लावायचा नाई, तिथं डबा उघडायचा नाई, पोतं घरी आणायचं नाई. सात जणी आता मोजे देत नाईत तोवर टाकीजवळ जात नाईत. शेठ गावभर सांगून राह्यला, ही बाया बिघडवते.

बिघडवते. एकूण एक बिघडवीन.