दांडी दादाची, बटण माझं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दादावर चिडलेलीच होते. सकाळपासून त्याने माझं डोकं खाल्लं होतं. "घरात श्रीखंडाचा रिकामा डबा आहे का गं? डबा नको, झाकण हवंय. जरा जाड बघ." मी कणकेच्या हाताने फोन धरून म्हणाले, "संध्याकाळी आणते, आता मला पोळ्या करू दे." तासाभराने पुन्हा त्याच्याच नंबरवरून फोन वाजला. "आता काय, बरणी हवीय?" असं म्हणतच उचलला. पलीकडे शोभावहिनी होती. दादा खुर्चीतून उठता उठता कोसळला होता, डॉक्टर येऊन गेले होते... ज्या पिशवीत झाकण टाकून ठेवलं होतं, तीच घेऊन मी रिक्षात बसले.

त्याला आता काही आठवडे झाले, पण मला एका जागी बसवत नाही. हा दादाचा वारसा. अरुणदादाच्या पायाला भिंगरी होती. जेवतानाही गुडघा हलायचा आणि शेजारच्याची आमटी हिंदकळायची. तरुणपणी नाशिकरोडला त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मुलींनी तिथे पाऊल टाकायचं नाही हा आमच्या वडिलांचा, आबांचा दंडक, आणि मला तर त्या दुकानाचं वेड. म्हणून भाऊबीजेला ओवाळून झालं की दादा मला स्कूटरवर घेऊन जायचा आणि शटर अर्धं खाली ओढायचा. तीच माझी ओवाळणी. पडद्यावर भुलभुलैयात एक माणूस पळायचा, मागे राक्षस. पळवणं आणि गोळी झाडणं मला एकदम जमायचं नाही, म्हणून माणसाला वळवायची दांडी दादाच्या हातात आणि लाल बटण माझ्याकडे. "मी म्हणेन तेव्हाच दाब. आधी नाही." मी कायम आधी दाबायचे. तो कपाळावर हात मारून घ्यायचा, आणि हरलो की खो खो हसत म्हणायचा, "परत लाव!"

दुकान बंद झालं, मशीनं भंगारात गेली, एक तेवढं त्याने घरी आणलं. वहिनी त्याला सवत म्हणायची आणि त्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचायची. दांडी मोडूनही वर्षं लोटली होती. यंदा मात्र भाऊबीजेआधी ते चालू करायचंच, असं त्याने डोक्यात घेतलं. तशी दांडी आता सहज मिळत नाही. मग मेन रोडवरून कॉम्प्युटरला लावायची स्वस्तातली जॉयस्टिक आणली, आतलं सर्किट काढून फेकलं आणि मशीनच्या जुन्या तारा थेट दांडीखालच्या स्विचना जोडल्या. पण तिचा डबा मोठा, जुन्या भोकात बसेना, आणि तिथली फळी वाळवीने खाल्लेली. तर पठ्ठ्याने तो डबा मशीनच्या डाव्या अंगाला, बाहेरून स्क्रूने आवळला.

आमची शेवटची भेट या डब्यावरून भांडण्यात गेली. दांडी पार डावीकडे बाहेर, बटण उजव्या टोकाला. मी दोन्ही हात फाकवून उभी राहिले तर मान वाकडी झाली नि पडदा धड दिसेना.

"दादा, चुकलंय हे. एका माणसाला खेळताच येणार नाही."

"एकट्याने खेळायचंय कुणाला?" तो खरंच वैतागला. "मी दांडीवर, तू बटणावर. भाऊबीजेला ये, मग बोल."

एकच अडचण राहिली होती. नवी दांडी तिरकीही जायची आणि जुन्या गेमला तिरकं कळत नाही. वळणावर माणूस अडायचा आणि राक्षस त्याला गाठायचे. त्यावर त्याचा उपाय म्हणजे ते झाकण. मधोमध अधिकाच्या चिन्हासारखी खाच पाडायची, म्हणजे दांडी सरळ चारच दिशांना हलेल. सकाळचे फोन त्यासाठी होते.

भाऊबीज आली. काकू म्हणाली, "चंद्राला ओवाळ बाई, रीत आहे." भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. तबक घेऊन गच्चीवर गेले. बारीकशी कोर होती, तीही बुडायला आलेली. मला एकदम राग आला. मला भाऊ होता की! नसणाऱ्यांची रीत मी का पाळू? तबक तसंच खाली आणलं आणि रिक्षा केली.

वहिनीने दार उघडलं. मी पिशवीतून झाकण बाहेर काढलं, गॅसवर सुरी तापवून खाच पाडली. वाकडीतिकडीच आली. दादाच्या पेचकसाने डबा उघडला, झाकण बसवलं, मशीन लावलं. सवयीने उजवीकडे जाऊन उभी राहिले. मग लक्षात आलं, दांडीपाशी कुणी नाही... मी हळूच डावीकडे सरकले. ती दांडी मी आयुष्यात कधी धरलीच नव्हती. माणूस वळणावर न अडता वळला. पण बटण लांब राहिलं.

वहिनी दारातून बघत होती. पदराला हात पुसत आली आणि उजवीकडे उभी राहिली.

"कुठलं दाबायचं, ताई?"

"लाल. मी म्हणेन तेव्हाच."

राक्षस दिसताच तिने खाडकन दाबलं. "आधी नाही हो, वहिनी!" मी ओरडले आणि माझा हात कपाळावर गेला. आम्ही हरलो होतो. वहिनीचे डोळे भरून आले होते, पण बटणावरचं बोट तिने काढलं नव्हतं.

"परत लावा," ती म्हणाली.