विहिणीपुरतं इंग्रजी

वाशीमहून निघताना आईनं ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी आणि एक सूचना बांधून दिली : "परक्या मुलखात कोणाशी भांडू नको." मी बोईसरला इंग्रजी शिकवायला निघाले होते. बोईसर महाराष्ट्रातच आहे. पण आमच्या घरात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. ज्या गावाजवळ समुद्र, ते गाव आमच्या लेखी परदेशच.

मुंबईला गाडी बदलली. विरारनंतर इमारती संपल्या आणि वैतरणा स्टेशन सोडल्यावर गाडी लांबलचक पुलावर चढली. खाली पाणीच पाणी, कडेनं चिखलात उभी तिवरांची झाडं. मी हरखून समोरच्या आजोबांना विचारलं, "काका, हाच समुद्र ना?"

"खाडी हाय ती, बाय," ते म्हणाले. "समुद्राला पलीकडचा काठ नसतो."

शिकवायला निघालेल्या बाईचा पहिला धडा असा वाटेतच झाला.

बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षावाला हिंदीत बोलला, मी वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत उत्तर दिलं, आणि दोघांनाही एकमेकांचं फारसं न कळता मी कुंभवलीला खोलीवर पोहोचले. संध्याकाळी हवेत उग्र वास आला. मी घाबरून गॅस तपासायला धावले. शेजारच्या वहिनी दारातूनच हसल्या. त्या साताऱ्याच्या, नवरा इथल्या कारखान्यात.

"गॅस न्हाई, कंपनीचा वास हाय. वारा फिरला की जाईल. तवर कांदा परता."

पुढं कित्येक दिवस मी वाऱ्यासाठी कांदे परतत होते.

वर्ग बाजारात, एका दुकानाच्या माडीवर. विद्यार्थी बहुतेक कारखान्यांत काम करणारे. मी भूतकाळ शिकवत असताना खाली शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला, की निम्मा वर्ग भूतकाळात जमा व्हायचा.

एका दुपारी हिराबाई आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत, अंबाड्यात अबोलीचा गजरा. समुद्रकाठच्या मुरबे गावाहून म्हावरं (मासळी) आणून त्या बोईसरच्या बाजारात बसत.

"बाय, मला इंग्लिश शिकव. जास्ती नाय. विहिणीपुरतं."

त्यांचा मुलगा भूषण मालवाहू जहाजावर कामाला. व्हिएतनामच्या एका बंदरात त्याची लिन नावाच्या मुलीशी ओळख झाली आणि दोघांनी लग्न ठरवलं. पण लिनची आई म्हणाली, आधी घर बघेन, मग हो की नाही ते सांगेन. दिवाळीच्या आधी मायलेकी येणार होत्या.

"भूषणच करेल की भाषांतर," मी म्हटलं.

"तो दोघींना गोड लागंल तेच सांगंल. मला खरं बोलायचं हाय."

"काय बोलायचंय?"

हिराबाईंनी आवाज खाली आणला. "तुझ्या पोरीला मी बाजारात बसवणार नाय. उन्हातान्हात मी जल्मभर बसले, तेवढं पुरं."

मी फळ्यावर छान व्याकरणशुद्ध वाक्य लिहिलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "एवढं बोलेपरेंत ती परत विमानात बसंल." शेवटी तडजोड झाली : "युअर डॉटर नो मार्केट. ओन्ली हॅपी."

सराव गिऱ्हाइकांवर चालू झाला. कोलंबीचा भाव विचारणाऱ्या बाईला उत्तर मिळे, "हाऊ आर यू? युअर मदर फाइन?" बदल्यात हिराबाई मला मासे खायला शिकवत होत्या. वऱ्हाडातल्या माणसाला काट्याची ओळख बाभळीपुरती. पहिल्याच घासाला एक घशात अडकला. त्यांनी कोरड्या भाताचा मुटका तोंडात कोंबला, पाठीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, "बोंबलापासून सुरू कर. त्याचा काटा मऊ असतो."

मला मात्र वेगळीच धास्ती होती. विहीण येईल त्या दिवशी त्या मला बरोबर बसवणार होत्या, आणि मी आजवर एकाही परदेशी माणसाशी इंग्रजीत बोलले नव्हते.

तो दिवस आला. मुरब्यात घराघरांपुढं बांबूंवर बोंबील वाळत होते, पलीकडं समुद्र चमकत होता. हिराबाईंच्या ओसरीवर, लिन आणि रजेवर आलेला भूषण यांच्यामध्ये लिनची आई बसली होती. बारीकशी, अबोल बाई. हिराबाईंचे ओठ हलत होते. वाक्य घोकणं चालू होतं. तेवढ्यात विहीणबाईच उठल्या. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशा ताठ.

"माय डॉटर... नो कुक. व्हेरी बॅड. सॉरी."

लिननं तोंड झाकून घेतलं. हिराबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, "पोरीला स्वयंपाक येत नाही म्हणून माफी मागताहेत."

"अगं बाय माझी!" हिराबाईंनी विहिणीचे दोन्ही हात धरले. "नो सॉरी! माय सन ऑल ईट!" आणि त्याच भरात पाठ केलेलं वाक्यही सुटलं : "युअर डॉटर नो मार्केट!"

विहीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी हात सोडवून घेतले. "नो मार्केट? व्हाय?"

भूषण काही बोलणार, तोच हिराबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. आता मलाच बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं व्याकरण कुठं गेलं कोण जाणे. "शी मीन्स... व्हेरी हॉट. व्हेरी टायर्ड. नो सिटिंग!" हिराबाईंचंच इंग्रजी माझ्या तोंडून बाहेर पडत होतं.

लिननं आईला विचारलं, आईनं खूप वेळ काहीतरी सांगितलं, आणि लिन मला सावकाश इंग्रजीत समजावू लागली. तिची आईही बाजारात बसते, भाजी विकते. ती घाबरली होती ती एवढ्यासाठीच, की तिकडं आपल्या पोरीला कोणी घरात कोंडून ठेवेल.

मी हे मराठीत सांगितलं. हिराबाईंना हसू आवरेना. "मंग तिला हवं तिथं बसू दे! घरात, बाजारात, माझ्या डोक्यावर!"

"त्यांना काय सांगू?"

"सांग, येस."

जेवताना विहीणबाईंनी तळलेला बोंबील आधी हुंगला, मग एकामागोमाग पाच खाल्ले. लग्न ठरलं.

दोनच दिवसांनी मी दिवाळीला वाशीमला आले. परक्या गावात रुजायला तिथली भाषा यावी लागते, असं मी वर्गात सांगत असे. आता वाटतं, आधी तिथल्या एखाद्या घरात आपली गरज पडावी लागते. भाषा मागून येते, धापा टाकत.

आईबरोबर चकल्या पाडत होते तेव्हा फोन वाजला.

"टीचरबाय! टुमारो विहीण गो व्हिएतनाम. क्राइंग, क्राइंग!"

"कोण रडतंय, मावशी? तुम्ही की त्या?"

पलीकडं कोणीतरी नाक ओढलं. मग आणखी कोणीतरी.

"बोथ," हिराबाई म्हणाल्या.

हा शब्द मी त्यांना शिकवलेला नव्हता.