कठडा नसलेला आड

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पनवेलच्या आमच्या आळीत मूल कोणाचंही असो, त्याच्या थोबाडीत देण्याचा अधिकार प्रत्येक मोठ्या माणसाला होता. आईबापांची परवानगी लागत नसे. उलट घरी जाऊन तक्रार केली, तर "बरं केलं त्यांनी" म्हणून आणखी एक मिळे. "आळीची पोरं ती सगळ्यांची पोरं," असं आमची वडीलमंडळी छाती फुगवून सांगत. सगळ्यांची म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न मी आठ वर्षांची असताना उभा राहिला. इंग्रज जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती.

झालं असं, की मिठाच्या गोण्यांची बैलगाडी मागे घेताना आळीच्या आडाचा कठडा कोसळला. आड अरुंद, पण तळ दिसणार नाही इतका खोल. शेजारच्या काकांच्या ओटीवर तीन बैठका झाल्या. काका कचेरीतून पेन्शनीत निघालेले. अर्ज लिहिल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. "आड सरकारी की आळीचा, हे आधी ठरू द्या," असं म्हणून त्यांनी टाक उचलला. कठड्याचे दगड तिथेच पडले होते. चार माणसांनी अर्धा दिवस हात चालवले असते तर काम संपलं असतं. पण नाही! तीन बैठकांचा चहा पिऊन ठराव काय झाला? आडाजवळ जे मूल दिसेल, त्याला जो पाहील त्याने एक ठेवून द्यावी.

अंमलबजावणी मात्र चोख. पहिल्या आठवड्यात मला एकटीला पाच बसल्या. त्यातल्या तीन तर अडीच वर्षांच्या धाकट्या बहिणीला मी आडापासून ओढून आणत होते म्हणून!

त्या दिवशी आई धुणं घेऊन तळ्यावर निघाली. जाताना तीन दारांत सांगून गेली, "धाकटीकडे लक्ष असू द्या हं." तिन्ही दारांतून "हो, हो" आलं आणि प्रत्येक दाराने गृहीत धरलं, की उरलेली दोन बघताहेत.

मी काकांच्या ओटीवर कान धरून उभी. गुन्हा नेहमीचाच, आडाजवळ दिसले. आणि समोरून धाकटी दुडुदुडु आडाकडे निघालेली.

"काका, ती बघा—"

"कान सोडायला कोणी सांगितलं?"

"अहो काका, धाकटी—"

"परत तोंड वर करून बोलतेस?"

मी पळायला गेले, तर त्यांनी बखोट धरलं. "तिकडे जायचं नाही म्हणून बजावलंय ना!" मी किंचाळले, तेव्हा कुठे त्यांची मान वळली. धाकटी काठावर बसून आडात सोडलेले पाय हलवत होती.

पटापट खिडक्या उघडल्या.

"अगो बाई, कोणाची पोर ती?"

"ओरडू नका, दचकेल!"

"हिची आई कुठे उलथलीय?"

"तुम्ही जवळ आहात, तुम्ही जा की!"

"मी सोवळ्यात आहे!"

तेवढ्यात मोळी विकायला येणारी कातकरीण आळीत शिरली. तिला आमच्याकडे पाणी वरून ओंजळीत ओतत; आडाला हात लावायची मुभा नव्हती. तिने कोणालाच काही विचारलं नाही. मोळी टाकली, हलक्या पावलांनी मागून गेली, धाकटीला काखेत उचललं आणि माझ्याकडे दिलं. मग मोळी उचलून तिने सरळ आडाच्या तोंडावर ठेवली.

"अगं, पाणी कसं काढायचं आता?" एक खिडकी कळवळली.

"ही इकायची नाय," ती म्हणाली. "तुमचा कठडा होईस्तवर हितंच ऱ्हाऊ द्या."

आई परतली ती या गर्दीतच. ज्या तीन दारांनी हो म्हटलं होतं, ती तिन्ही तिच्यावर तुटून पडली. पोरीकडे लक्ष नको द्यायला? आणि काकांनी, ठरावाप्रमाणे, धाकटीवर हात उगारला.

आई काकांसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. तिने पिळलेल्या धुण्याची बादली तिथेच धुळीत आदळली, त्यांचं मनगट धरलं आणि साऱ्या आळीदेखत ओरडली,

"हात रिकामाच असेल ना काका, तर आधी दगड उचला!"