बहिष्काराचे पंधरा खेळाडू

सीझन सुरू होऊन महिना झाला तेव्हा आमच्या लीगमध्ये मी सगळ्यात खाली होतो आणि मला त्याची काडीची लाज वाटत नव्हती. संताप येत होता. लाज आणि संताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आमच्या ग्रुपमधल्या एकालाही पटवता आलं नाही.

लीग म्हणजे फँटसी फुटबॉलची. फुकटचं ॲप, पैज नाही, बक्षीस नाही. इंग्लंडमधल्या मोठ्या लीगचे पंधरा खेळाडू ठरलेल्या बजेटात निवडायचे. ते तिकडे खऱ्या सामन्यात गोल करतील, गोल अडवतील, त्याचे गुण इकडे तुम्हाला. एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. आठवड्याला एखादा खेळाडू बदलता येतो. सगळी टीमच बदलायची असेल तर वाइल्डकार्ड, आणि ते काही रोज मिळत नाही. खेळणारे आम्ही सगळे उत्तर नागपुरातल्या एकाच मैदानावर धूळ खाऊन मोठे झालेलो. आता एकजण विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतो, एकाचं महाल भागात मोबाइल कव्हरचं दुकान आहे, माझी ताई शाळेत गणित शिकवते. ताई पूर्वी आमची गोलकीपर होती आणि लीगमध्ये ती कायम वरच्या दोघांत असते.

मी मात्र पत्रकं लिहिणारा माणूस. वस्तीतल्या अभ्यास मंडळात शिकलो की कुठलीही गोष्ट हाती घेण्याआधी भूमिका ठरवायची. म्हणून मी भूमिका ठरवली. छातीवर जुगाराच्या कंपनीचं नाव मिरवणारा क्लब बाद. तेलाच्या पैशावर उभा असलेला क्लब बाद. सफाई कामगारांना कंत्राटावर राबवणारा क्लब बाद. नेटवर बसून एकेक क्लब तपासला. शेवटी जे उरले त्यांत अकरा जण मैदानावर उतरतील की नाही याचीच शंका होती. माझे दोन मिडफिल्डर बाकावरून उठायचे ते पाणी प्यायला.

त्यात तो स्ट्रायकर. उंच, सोनेरी केसांचा, तेलवाल्या क्लबचा. लीगमध्ये माझ्याशिवाय प्रत्येकाकडे तो होता आणि प्रत्येकाचा कर्णधार तोच. म्हणजे शनिवारी त्याने गोल केला की बाकीचे सगळे एकदम वर जायचे, आणि त्यांचं आपसातलं अंतर होतं तेवढंच राहायचं. फरक पडायचा तो फक्त मला. अख्ख्या नागपुरात त्या माणसाच्या गोलाने दुखावला जाणारा बहुधा मी एकटाच.

मिहानवाल्याचा मेसेज ठरलेला. "काय बे, क्रांती कुठवर आली?"

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच दिवसांत मी खऱ्या मैदानासाठी हिंडत होतो, आणि चीड येण्याचं खरं कारण तिथं होतं.

आमचं मैदान दर मोसमात आनंद मेळ्याला भाड्याने जातं. आकाशपाळणा येतो, मौत का कुआँ येतो, क्रॉकरीचे स्टॉल येतात. मेळा उठला की मागे राहतात खड्डे, काँक्रीटचे ठोकळे आणि तंबूंचे खिळे. उन्हाळ्यातल्या मेळ्याच्या वेळी गोलपोस्टही उखडले. तात्पुरते म्हणून उखडले, ते कुठल्या भंगारात गेले कुणास ठाऊक. आता हिवाळ्याच्या मेळ्याची परवानगी द्यायची होती. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात मी अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

"एकटेच आले?"

"सगळ्यांच्या वतीने आलोय."

"सगळे म्हणजे कोण? मुलं तर टर्फवर खेळतात आजकाल. या मैदानावर खेळतं कोण, ते दाखवा ना मला. दिवाळीनंतर सुनावणी आहे, घेऊन या."

टर्फ! तासाच्या भाड्याने मिळणारा जाळीचा पिंजरा. मैदान खिळ्यांनी भरायचं, पोरं पिंजऱ्यात ढकलायची आणि वर विचारायचं की मैदानावर खेळतं कोण. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि रविवारी सकाळी पोह्याच्या टपरीवर लीगच्या सगळ्यांच्या हातात दिलं.

दुकानदाराने घडी घालून खिशात ठेवलं. मिहानवाल्याने वाचलं, म्हणजे त्याचे डोळे ओळींवरून फिरताना मी पाहिले, आणि मग शांतपणे त्याने त्या कागदाला बोटांना लागलेली पोह्यावरची तर्री पुसली.

"हे काय करून राहिला तू?"

"टिश्यू नाही ना बे इथं."

"तिकडच्या लेफ्ट बॅकचा गुडघा कधी बरा होणार हे तुले पाठ हाय. आपले गोलपोस्ट कुठं गेले, हे मालूम हाय का?"

"नाही मालूम." त्याने कागदाचा बोळा केला. "पण एक गोष्ट मालूम हाय. ज्याले पंधरा जणांची टीम चालवता येत नाही, त्याच्या मागं आम्ही साहेबासमोर काहून उभं राहावं? तू आधी तळातून वर ये. सुनावणीच्या आधी एक जरी माणूस तुह्या खाली असला, तं आपण सगळे येतो. काय गा?"

सगळे हसले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईनेसुद्धा.

विनोदच होता तो. पण या पोरांना मी चांगला ओळखतो. विनोदात दिलेला शब्द ते पाळतात, सभेत दिलेला पाळत नाहीत. म्हणजे आमचं मैदान आता इंग्लंडमधल्या एका सोनेरी केसांच्या माणसाच्या डाव्या पायावर अवलंबून होतं. याहून अपमानास्पद काही असेल तर मला सांगा.

घरी आल्यावर मी ताईवर उखडलो. ती वह्या तपासत बसली होती.

"तूही मान हलवली वं ताई?"

"हलवली. खरं होतं ते. तू टीम नाही काढली गा, जाहीरनामा काढला. कोणाले घ्यायचं हे ठरवलंच नाही, कोणाले नाही घ्यायचं तेवढंच ठरवलं."

"मंग काय, तेलवाल्यांचे पाय धरू?"

"तू त्या पोराले घेतलं नाही, हे त्याच्या मालकाले कळलं का? तिथल्या एका झाडूवाल्याचा पगार वाढला का?"

"असं म्हटलं तं कोणताच बहिष्कार नको करायला. उद्या मैदानाचंही असंच म्हणशील."

"मैदान आपलं हाय. तिथं आपण जाऊन उभं राहू शकतो. तुह्या मोबाइलमधून तिकडं कोण उभं राहून राहिलं?" तिने लाल पेन टेबलावर ठेवलं. "वाइल्डकार्ड हाय ना तुह्यापाशी? वापर. नाही तं एकटाच जा सुनावणीले."

तिचं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. प्रत्येकजण 'माझ्या एकट्याने काय होतं' म्हणतो म्हणूनच त्या कंपन्या गब्बर होतात. पण दिवाळी जवळ येत होती. मी वाइल्डकार्ड टाकलं आणि दात ओठ खात तो स्ट्रायकर घेतला.

घेतला, पण कर्णधार केला नाही. एवढा तरी स्वाभिमान ठेवायचा ठरवलं.

त्या शनिवारी त्याने तीन गोल मारले. बाकीच्यांना दुप्पट, मला एकपट. मी होतो तिथंच राहिलो, उलट आणखी खाली रुतलो. ग्रुपवर मिहानवाल्याने लिहिलं, "भाऊनं तत्त्व विकलं आणि भावही नाही भेटला." त्या वाक्यावर मी अख्खा रविवार धुमसत होतो, कारण वाक्य चांगलं होतं.

पुढच्या आठवड्यात कर्णधार केलं त्याला. पण मला वर काढलं ते त्याने नव्हे, हे नोंदवून ठेवलंच पाहिजे. त्याचे गुण सगळ्यांनाच मिळत होते, त्याने फक्त माझं बुडणं थांबलं. वर काढलं ते माझ्या बहिष्काराच्या टीममधल्या उरलेल्यांनी. एका छोट्या क्लबचा स्वस्तातला गोलकीपर आणि त्याच क्लबचे दोन बचावपटू. त्यांना मी भूमिकेपोटी घेतलं होतं आणि वाइल्डकार्डाच्या वेळीही काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हते. आठवड्यामागून आठवडा त्या क्लबने गोल खाल्ला नाही. एकदा त्या गोलकीपरने पेनल्टी अडवली तेव्हा मी घरात इतक्या मोठ्याने ओरडलो की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काहून रे, कोण मेलं?"

तरी सुनावणीच्या आधीच्या शनिवारपर्यंत मी तळालाच. माझ्याहून जरासा वर दुकानदार. आणि दिवाळीनंतरच्या लग्नसराईच्या गिऱ्हाइकीत तो टीम बघायलाच विसरला. तो सोनेरी स्ट्रायकर नेमका जखमी होता; आम्ही बाकीच्यांनी कर्णधार बदलला, दुकानदाराचा तोच राहिला, आणि उपकर्णधार बाकावर. सामने संपले तेव्हा मी त्याच्या वर होतो.

"हे गिनतीत नाही," मिहानवाल्याने ग्रुपवर लिहिलं. "तो वर नाही गेला, दुकानदार खाली आला."

ताईचं उत्तर लगेच आलं. "टेबलात वर दिसून राहिला ना? मंग वर."

सोमवारी सकाळी मी कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभा होतो. येतील असं वाटत होतं, येणार नाहीत असंही वाटत होतं. ताई शाळेतून अर्धी रजा टाकून आली. दुकानदार शटर न उघडताच आला. मग एकेक करत बाकीचे. मिहानवाला शिफ्ट संपवून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच, डोळे लाल.

साहेबांपुढे मी मुद्दे मांडायला सुरुवात केली. सार्वजनिक जागेचा वापर, युवकांचा खेळण्याचा हक्क. त्यांनी हात वर केला. "ते सगळं अर्जात वाचलं मी. ही मुलं खेळतात तिथं? खरंच?"

खरं म्हणजे कोणीच खेळत नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मिहानवाला पुढे आला.

"नाही खेळत साहेब. मी सांगतो काहून ते. उन्हाळ्यातला मेळा उठला, आम्ही दुसऱ्याच दिवशी बॉल घेऊन गेलो. माह्या पायात खिळा घुसला, बुटाच्या तळातून आरपार. लंगडत ड्युटी केली मी. तेव्हापासून त्या मैदानात पाय नाही ठेवला. टर्फवर जातो ते हौस म्हणून नाही. दाखवू का पाय?"

"नको, नको," साहेब म्हणाले. पण पेन उचललं.

मेळ्याला परवानगी मिळालीच. मात्र रस्त्याकडच्या अर्ध्या भागापुरती. उरलेला अर्धा भाग खेळासाठी मोकळा, तो मेळ्याच्या ठेकेदाराने खड्डे बुजवून, खिळे वेचून, गोलपोस्ट लावून द्यायचा. बाकीचे खूश होऊन बाहेर पडले. मी नाही. अर्धं मैदान ही काय भाषा झाली? अर्धा चेंडू पण देऊन टाका मग.

पायऱ्या उतरताना मी मिहानवाल्याला गाठलं. "खिळ्याचं तू आजवर काहून नाही बोलला?"

"तू विचारलं कधी? तू तं कागद दिला."

"कागदात लिहिलं होतं खिळ्यांचं!"

"हो ना, वाचलं मी. 'खिळ्यांमुळे परिसरातील युवकांना इजा.'" त्याला शब्द न् शब्द पाठ होता. "युवक कोण बे? मी तुह्या टीमचा लेफ्ट बॅक होतो. खिळा घुसला तेव्हा तू मुंबईले मोर्च्यात होता. आल्यावर मले भेटाले नाही आला, पत्रकं लिहाले बसला."

मी विचारलं, "कोणता पाय?"

"डावा," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

ठेकेदार अर्थातच आला नाही. पुढच्या रविवारी आम्हीच गेलो. दुकानदाराने एका जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं होतं. त्याला दोरी बांधून जमिनीवरून ओढत न्यायचं, खिळे आपोआप चिकटतात. गंजके, वाकडे, बोटाएवढे. मी सारखा ओरडत होतो की हे आपलं काम नाही, ज्याला भाडेपट्टा मिळतो त्याचं आहे, आपण फुकट करून देतोय म्हणून उद्या तो कधीच करणार नाही.

"तू ओरड, आम्ही वेचतो," ताई म्हणाली.

दुपारपर्यंत रंगाचा एक रिकामा डबा खिळ्यांनी गच्च भरला. मी म्हटलं, हा डबा असाच नेऊन साहेबांच्या टेबलावर ओततो.

मिहानवाला डाव्या बाजूच्या कोपऱ्यात उभा होता, बुटाच्या टोकाने जमीन चाचपत. त्याने वर पाहिलं नाही.

"एकटा नको जाऊ. उद्या माही सेकंड शिफ्ट हाय, दुपारची. सकाळीच जाऊ."